ब्रेकमावशी उत्तरेला निघाल्या

शाळेची बस चालवणाऱ्या बाईंना मुलं ब्रेकमावशी म्हणायची. कुत्रं, चेंडू, वाऱ्याने उडालेली पिशवी, काहीही आडवं आलं की मावशी करकचून ब्रेक दाबायच्या आणि पोरं पुढच्या सीटवर नाकं आपटून घ्यायची. सगळी नोकरी त्यांनी शाळा ते शेवटचा थांबा आणि शेवटचा थांबा ते शाळा अशी काढली. तिथून पुढे रस्ता उत्तरेला डोंगरात जायचा. मावशी रोज तिथूनच बस वळवून घ्यायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी शाळेने ती जुनी मिनीबसही मोडीत काढली. मावशींनी ती विकत घेतली आणि नवऱ्याला जेवताना सांगितलं. नवरा शिंपी. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मावशीही म्हणायच्या. मास्तरांनी तोंडातला घास नीट चावून संपवला आणि विचारलं, "पडदे लागतील ना?"

मास्तरांना गाडी लागायची. दोघांनाही हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यावर बोलणं झालं नाही. मागची बाकं काढून तिथे पलंग बसवला, शेगडी आली, पाण्याची टाकी आली. मास्तरांनी पडदे शिवले, गाद्यांना खोळी घातल्या आणि उलटीच्या पिशव्या ठेवायला खिशांची एक झालर केली. झालर इतकी सुबक झाली, की पुढे बघणारा प्रत्येक जण आधी तिचंच कौतुक करायचा आणि मग ती कशासाठी आहे ते विचारायचा.

बेत साधा होता. डोंगराच्या पायथ्याशी मावशींचे दादा राहायचे, वर घाटात मावशींची शाळेपासूनची मैत्रीण आणि खिंडीपलीकडे लेक. लेकीने तिकडे घर घेतल्यापासून "या ना एकदा" चालू होतं. कसं यायचं ते तिने सांगितलं नव्हतं.

दादांकडे पोचल्या पोचल्या घोळ झाला. वहिनींनी पाहुण्यांची खोली झाडून पुसून, नव्या चादरी घालून तयार ठेवलेली. मावशी म्हणाल्या, "आम्ही गाडीतच झोपू."

वहिनींचा चेहरा पडला. "म्हणजे आमचं घर तुम्हाला पुरत नाही?"

"घर पुरतं हो. पण पलंग नवा आहे, वापरून बघायचाय."

"लोक काय म्हणतील? नणंद आली आणि हिने तिला दारात झोपवली!"

शेवटी तोडगा निघाला. मास्तरांनी घरात झोपायचं आणि मावशींनी गाडीत. मास्तर तारण ठेवल्यासारखे आत गेले. हलत नसलेल्या पलंगावर झोपायला मिळतंय म्हटल्यावर त्यांची काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा हळूच गाडीत आले, "जरा टेकतो" म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत घोरत पडले. त्यांना उठवायला म्हणून वहिनी आल्या. तरातराच आल्या. पण खिडकीशी बसल्यावर त्यांचा आवाज खाली आला. इकडेतिकडे बघून त्या म्हणाल्या, "ही चालू होते का?"

"चालू होते म्हणूनच आलो ना वहिनी."

"मग घे की जरा पुढे. कोपऱ्यापर्यंत."

कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांना तळं बघायचं होतं. तळं झाल्यावर जुना पूल. दादा मागे घोरतच होते. परतताना गल्लीच्या तोंडाशी वहिनींनी गाडी थांबवायला लावली आणि आपल्याच घराकडे बराच वेळ बघत बसल्या. "एवढंसंच आहे होय," त्या म्हणाल्या. "झाडायला तर केवढं लागतं."

निघताना त्यांनी नव्या चादरी गाडीत कोंबल्या. खोलीचं पुन्हा नाव काढलं नाही.

मैत्रीण घाटातल्या गावात ब्युटी पार्लर चालवायची. खाली पार्लर, वर दोन खोल्या आणि त्यात ती, मुलगा, सून, सुनेची शिकवणी आणि शिकवणीची पोरं. ती गाडी बघायला कात्री हातात घेऊनच बाहेर आली. झालर बघितली, पलंगावर बसून बघितलं, आणि म्हणाली, "वळणापर्यंत येते. हवा खाऊन परत." मावशींनी गाडी काढली. वळण आलं, गेलं. दोघींपैकी कोणीच काही बोललं नाही. मास्तर बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

पुढच्या गावात मैत्रिणीचा फोन वाजला. मुलगा होता. "आई, कुठे आहेस?"

"बाथरूममध्ये आहे रे," मैत्रीण म्हणाली आणि फोन बंद केला.

रात्री त्या दोघी पलंगावर झोपल्या आणि मास्तर खाली. मैत्रीण झोपेपर्यंत बोलत होती आणि झोपल्यावरही थोडं बोलली. सकाळी पुन्हा फोन आला. "अरे, अजून बाथरूममध्येच आहे," ती म्हणाली. मावशींनी तिच्याकडे बघितलं.

"काय बघतेस?"

"काही नाही. पोट बिघडलं असेल असं वाटेल त्याला."

खिंडीच्या अलीकडे दरड कोसळली होती. रस्ता मोकळा होईपर्यंत गाड्यांची रांग लागलेली. धुकं दाटलं होतं आणि मावशी बॉनेटपाशी उभ्या राहून हात शेकत होत्या. तेवढ्यात रांगेच्या कडेकडेने एक मोटरसायकल आली. तिच्यावरून मैत्रिणीचा मुलगा उतरला. हेल्मेट काढलं, मावशींना नमस्कार केला आणि बसच्या घडीच्या दारावर टकटक केली.

"आई, बाथरूमचं दार उघड."

 मग मास्तरांनीच दार उघडलं.

आपल्यासमोर आता रडारड होणार असं समजून मावशींनी चहा ठेवला. पण मैत्रीण नुसती बसून राहिली. मुलगा दारातल्या पायरीवर टेकला. कपात बघत म्हणाला, "आमचा कंटाळा आला का तुला?"

"नाही रे."

"मग सांगून तरी जायचं. ही रडत होती काल. मला वाटलं, तिचंच काही बोलणं लागलं."

"तिचं कशाला लागेल? चांगली आहे ती." मैत्रिणीने ओढणीचं टोक दोनदा गुंडाळलं, सोडलं. "वळणापर्यंतच येणार होते. मग वाटलं, मी थांबा म्हटल्याशिवाय कोणी थांबत नाहीये. असं कधी झालंच नव्हतं."

मुलाने उरलेला चहा एका घोटात संपवला. तो म्हणाला, "पार्लरमध्ये बायका येऊन परत जातायत."

"तिला सांग, ब्लीच तेवढं कर. तिचा हात हलका आहे." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "आणि हे काय जंगल वाढवलंयस डोक्यावर? बस इथे."

भर खिंडीत, धुक्यात, गाड्यांच्या रांगेत तिने मुलाचे केस कापले. मास्तरांनी वहिनींची एक नवी चादर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला आणि माझेही करणार का म्हणाला. दरड निघाली तेव्हा मुलगा आईच्या पाया पडला, हेल्मेट घातलं आणि खाली उतरून गेला. मैत्रीण पुढचं बरंच अंतर गप्प होती. मास्तरांना एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच डुलकी लागली.

लेकीचं घर मोठ्या वसाहतीत होतं. फाटकावर वॉचमनने पिवळी बस बघून सांगितलं, की शाळा मागच्या रस्त्यावर आहे. लेक खाली आली. बसकडे बघितलं, वरच्या गॅलऱ्यांकडे बघितलं.

"आई, ही आत नाही लावता येणार."

"बरं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी गाडी वसाहतीबाहेर नदीकाठी नेऊन लावली. मास्तर आणि मैत्रीण लेकीच्या घरी आंघोळीला गेले, ते तिथेच राहिले. मावशी काही गेल्या नाहीत. राग आला होता का, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. ब्रेक ऑइल बघायचं होतं, ते त्यांनी बघितलं.

संध्याकाळी लेक ऑफिसमधून परस्पर तिकडेच आली, खांद्यावरची बॅग तशीच. पुढच्या बाकावर बसली. शाळेत असताना ती याच बसने जायची आणि सगळ्या पोरांसारखी आईला मावशी म्हणायची. कोणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुला राग यायचा?" तिने विचारलं.

"कशाचा?"

"मी मावशी म्हणायचे त्याचा."

मावशींनी जरा विचार केला. "ड्यूटीवर होते ना," त्या म्हणाल्या. मग काचेवरचा डाग पुसत म्हणाल्या, "रविवारी जरा वाटायचं."

लेकीने त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि उरलेली काच पुसली. दोघींनी अंड्याची पोळी केली, एकाच ताटलीत खाल्ली, आणि लेक आईशेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी कामाला जाताना ती म्हणाली, "सोडतेस का ऑफिसला?"

मावशींनी तिला अगदी दारात सोडलं. वाटेत मांजर आडवं आलं, तेव्हा लेकीने नाक आपटून घेतलं.

ती मंडळी खिंडीत बर्फ पडायला लागेपर्यंत तिकडेच राहिली. मैत्रीण मात्र आधी परतली, सरकारी बसने. पोचल्यावर तिने मावशींना फोन करून सांगितलं, की ड्रायव्हर बरा होता, पण ब्रेक फारच कमी मारत होता.