वाबळे सरांनी कॉपी बंद केली ते वर्ष

मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर काही ना काही येतच असतं. आजच्या आज माहिती भरा, भरली नसेल तर खुलासा द्या, ज्यांचं आधार जुळत नाही त्यांची नावं दुपारपर्यंत कळवा... एप्रिलमधल्या एका सकाळी अशाच दोन निरोपांच्या मधे एक ओळ आली. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक उत्तमराव वाबळे सर पहाटे गेले. ती ओळ मी वाचतेय तोवर खाली पोषण आहाराची माहिती मागणारा पुढचा निरोप येऊन पडला. कुणीतरी दोन्हींना मिळून एकदाच हात जोडले. मी फोन पालथा ठेवला. शिपाईमामांना म्हटलं, आज शाळा लवकर सोडू. मग आठवलं, आता तेही आधी वर विचारावं लागतं.

सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पुढं आमचं गाव. मी इथं गणित शिकवायला लागले तेव्हा सर मुख्याध्यापक होते. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी. रागावले की आवाज चढण्याऐवजी खाली यायचा, इतका की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागे. इंग्रजी शिकवायचे आणि दुपारी डबा खाताना वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे. आमची शाळा दहावीचं परीक्षा केंद्र होती आणि आमचा निकाल तालुक्यात चांगला लागायचा. तो कसा लागायचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. परीक्षेच्या दिवशी माणसं कंपाउंडच्या भिंतीवर चढायची, चिठ्ठ्या खिडकीतून आत जायच्या. पर्यवेक्षक फळ्याकडं बघत उभे राहायचे. त्या निकालाच्या भरवशावर आसपासच्या खेड्यांतली लेकरं आमच्याकडं नाव घालायची, आणि पटावर लेकरं असली तरच तुकडी टिकते, तुकडी टिकली तरच शिक्षकाची जागा. म्हणजे भिंतीवर चढणाऱ्या माणसांवर आमच्याही नोकऱ्या उभ्या होत्या. हे कुणी बोलत नव्हतं एवढंच.

एके वर्षी आमच्याकडून चांगल्या मार्कांनी पास झालेली एक मुलगी सेनगावच्या कॉलेजातून पावसाळा संपायच्या आत घरी परत आली. तिथं काहीच समजत नाही म्हणाली. तिच्या बापानं दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं. सर त्या लग्नाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी आम्हा शिक्षकांना बसवलं आणि सांगितलं, या साली आपल्या केंद्रावर कॉपी होणार नाही. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सरांनी मात्र सकाळचे जादा तास सुरू केले, आम्हालाही लावले. पण आठ-नऊ वर्षांचं मागं राहिलेलं तीन महिन्यांत कुठून भरून निघणार... ते त्यांनाही कळत असावं.

पहिला पेपर मराठीचा. सर केंद्रसंचालक होते. त्यांनी आत आम्हाला नेमलं आणि स्वतः बाहेर, खिडक्यांच्या खाली, उन्हात जाऊन उभे राहिले. माणसं जमली, भिंतीवर चढली, पण खाली उतरायला कुणी धजेना. शेवटी सरांचे सख्खे थोरले भाऊ उतरून पुढं आले. त्यांचा मुलगा विष्णू आतल्या वर्गात बसला होता. मी खिडकीशीच होते, मला सगळं ऐकू आलं.

"उत्तम, आपलंच लेकरू हाय."

"व्हय दादा. म्हणूनच."

 मग थोरले वळून निघून गेले. सरांशी ते पुढं कधी बोलले नाहीत.

निकाल लागला तेव्हा निम्म्याहून जास्त लेकरं नापास होती. विष्णूही. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून घेतलं. काय झालं ते सरांनी सांगितलं नाही, पण त्या दिवशी डबा तसाच परत गेला. गावात माणसं त्यांना रामराम करीनाशी झाली. सरांनी शाळा सुटल्यावर नापास लेकरांचे फेरपरीक्षेसाठी तास घेतले. काही आली, काही पासही झाली. विष्णू आला नाही. जूनमध्ये बाहेरगावची लेकरं दुसरीकडं गेली, जिथं पास होण्याची खात्री होती तिथं. पट उतरला, पुढच्या वर्षी एक तुकडी तुटली. सेवेत सगळ्यात धाकटी मी. मी अतिरिक्त ठरले आणि माझं समायोजन झालं शिरड शहापूरच्या शाळेवर.

जिल्हा तोच, पण रोज जाऊन येण्यासारखं अंतर नाही. माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. मालकांची शेती इथं, म्हणून लेकरू सासूबाईंकडं ठेवलं आणि मी तिकडं खोली केली. शनिवारी दुपारी एसटीनं निघायचं, सेनगावहून जीप धरायची, दिवेलागणीला घरी पोचायचं. एका शनिवारी मुलगी माझ्याकडं यायलाच तयार होईना, सासूबाईंच्या पदराआड गेली. त्या रात्री मला सरांचा फार राग आला. तत्त्व त्यांचं आणि वनवास माझा, असं मी मालकांना म्हटल्याचं आठवतं.

एका रविवारी घरी न जाता मी पेपर तपासत बसले होते, तर दारात सर. दोन गाड्या बदलून आले होते. पाणी प्यायले, खुर्चीच्या कडेवर बसले. मला वाटलं, समजूत घालायला आले असतील. ते इतकं हळू बोलले की मला जवळ जावं लागलं.

"बाई, तुमची ही तकलीफ माझ्यामुळं हाय. पण पुन्हा ती वेळ आली तर मी तेच करीन. हे तोंडावर सांगावं म्हणून आलो."

मी उठून चहा ठेवला. त्यांनी तो घेतला, मुलीची चौकशी केली आणि परतीची गाडी धरायला निघाले. माझा राग गेला असं नाही. पण त्यानंतर तो त्यांच्या माघारी कुणाजवळ बोलून दाखवावासा वाटला नाही.

मी परत आमच्या शाळेत आले तेव्हा सर निवृत्तीला आले होते. मुलगी तोवर चौथीत गेली होती. सरांच्या जागेवर नवीन माणूस कुणी मिळालाच नाही, म्हणून आज मी प्रभारी आहे. दरम्यान सगळं बदललं. केंद्रसंचालक दुसऱ्या शाळेचा, पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे, वर्गात कॅमेरे, गेटवर पोलीस. या फेब्रुवारीत मी त्यांना भेटायला गेले आणि कॅमेऱ्यांच्या वायरींपासून रोजच्या ऑनलाइन माहितीपर्यंत गाऱ्हाणं मांडलं. ते खाटेवर पडून ऐकत होते. दम लागत होता.

"कॅमेऱ्याला भाऊ नसतो, बाई," म्हणाले. "बरं झालं."

ती आमची शेवटची भेट.

माती झाल्यावर विष्णू भेटला. तो आता सेनगाव-हिंगोली जीप चालवतो. सरांना दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. बापाला न सांगता तो काकांकडं येत-जात असे, हे मला तेव्हा कळलं. जीपला टेकून म्हणाला, "काका बराबर होते का न्हाई, मला आजवर समजून राहिलं न्हाई, मॅडम." मला तरी कुठं समजलंय. त्या वर्षानंतर शिकून पुढं गेलेली लेकरं मला माहीत आहेत, आणि विष्णूही माहीत आहे.

परवा दहावीचा निकाल लागला. हल्ली लेकरं फोनवर शाळेच्या आधी निकाल बघतात, पेढेही शाळेत येईपर्यंत वाटून झालेले असतात. सरांची एक रीत होती, निवृत्तीनंतरही चालू राहिलेली. निकाल कळला की पास झालेल्यांना ते दुसऱ्या दिवशी भेटत. निकालाच्या दिवशी नापास लेकरांच्या घरी जात. उपदेश करत नसत. ओट्यावर बसून पाऊसपाण्याचं बोलत आणि उठताना फक्त विचारत, उद्या येतोस ना.

परवा दुपारी वरून मागवलेली निकालाची माहिती भरायची राहिली होती. फोन वाजत होता. मी ऑफिसला कुलूप लावलं आणि वेशीजवळच्या घरी गेले. तिथली मुलगी गणितात गेली होती, माझ्याच विषयात. ती आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्या आजीनं ओट्यावर चवाळं अंथरलं. सर बरोबर आहेत का, हे बघायला तिनं माझ्या मागं रस्त्यावर नजर टाकली, आणि मग तिलाच आठवलं.

"बसा," म्हणाली. "चहा टाकते."

मी बसले. औंदा पाऊस कधी येईल, विचारलं.