पारकरसाहेबांचं ब्लॅक होल

“सावंतबाई, हे ब्लॅक होल पांढरं कसं काय आलं?”

पारकरसाहेब प्रिंटआउटसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. ते आमचे मॅनेजर, मी प्रोग्रॅमर. अंधेरीच्या आमच्या कंप्युटर सेंटरमध्ये एरवी दुसऱ्या कंपन्यांच्या पगाराच्या स्लिपा छापल्या जायच्या. पण त्या वर्षी, ऐंशीच्या दशकात कधीतरी, कंपनीने शाळांसाठी विज्ञान प्रदर्शन ठरवलं. चेअरमनना ‘काहीतरी अंतराळातलं’ हवं होतं. म्हणून परेरा सर आले.

सर मुलुंडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. राहायला मरोळच्या गावठाणात. ब्लॅक होलजवळून जाताना प्रकाश कसा वाकतो, याची गणितं हाताने सोडवून त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. त्यातून चित्र कसं दिसेल, ते पाहायला कंप्युटर मात्र कधी मिळाला नव्हता. निवृत्ती चार महिन्यांवर आलेली.

सलग तीन रविवार दुपारी मशीन रिकामं असायचं तेव्हा आम्ही बसलो. कागदाच्या प्रत्येक ठिपक्यापासून एक किरण मागे मागे न्यायचा. तो ब्लॅक होलभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूला लागला तर तिथे उजेड, आत पडला तर अंधार. आमचा प्रिंटर फक्त अक्षरं छापायचा. मग ठरवलं, जिथे उजेड जास्त तिथे शाई जास्त. कमी उजेडाला टिंब, जास्तीला एकावर एक दोन-तीन अक्षरं. म्हणजे फोटोच्या निगेटिव्हसारखं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं.

“ते ठीक आहे. पण नाव ब्लॅक होल ना? आणि डावी बाजू गडद, उजवी फिकी. रिबन संपली काय?”

सर म्हणाले, “डावीकडचा वायू आपल्याकडे येतोय, म्हणून तो जास्त उजळ दिसतो.”

“दुर्बिणीतून दिसतं ते असंच दिसतं?”

“दुर्बिणीतून अजून कोणालाच दिसलेलं नाही.”

“मग चूक काढणार कोण?” साहेब खूश झाले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी घाटकोपरच्या हॉलमध्ये पोचले, तेव्हा साहेबांच्या हातात ब्रश होता आणि शर्टाच्या बाहीला काळा रंग. मधलं भोक त्यांनी स्वतः रंगवलं होतं. उजवी बाजूही जमेल तेवढी गडद केली होती.

“आता कसं झकास दिसतंय!”

सर आले. चित्राच्या अगदी जवळ गेले.

“सावंत,” ते हळूच म्हणाले, “शाई म्हणजे उजेड ना गं? मग आता सगळ्यात जास्त उजेड ब्लॅक होलमधूनच येतोय.”

मला हसू येईना. त्यांनी चित्राखालची स्वतःच्या नावाची चिठ्ठी काढली, घडी घालून खिशात ठेवली.

चेअरमन आले. चित्रासमोर थांबले. “वा! काय काळं आहे!” पारकरसाहेबांनी मान लववली. सरांच्या नावाची जागा रिकामी दिसली, तेव्हा साहेबच कौतुकाने चेअरमनना म्हणाले, “बघा, विद्वान माणूस! प्रसिद्धी नको त्यांना.” चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक चेअरमनच होते.

आमच्या प्रिंटरच्या कागदाखाली कार्बन असायचा. प्रत्येक छपाईची दुसरी प्रत निघायची. पुढच्या सोमवारी मी ती घेऊन मुलुंडला गेले. सरांनी ती लॅबच्या टेबलावर पसरली, फूटपट्टी लावून मधलं वर्तुळ मोजलं आणि वही काढून हाताने काढलेला आकडा ताडून पाहिला.

“जुळलं गं!” एवढंच म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. निवृत्त होईपर्यंत ती प्रत लॅबच्या भिंतीवर होती.

पारकरसाहेबांना त्या वर्षी प्रमोशन मिळालं. मी एक नियम शिकले आणि नोकरीभर पाळला. आउटपुट साहेबांना आधी दाखवायचं नाही. पाहुणे गाडीतून उतरले की मग दाखवायचं. तेवढ्या वेळात रंग वाळत नाही.