गुरुजींचा साबण

करडईच्या तेलाचा वास आला की चिटगुप्प्याचा बाजार आठवतो. व्यापार नुसत्या पुस्तकातून कळत नाही, म्हणून गुरुजींनी वर्गाकडून त्या तेलाचा साबण करून घेतला आणि तो विकायला आम्हाला बाजारात बसवलं. जो चांगला विकेल, तो शाळेचं दुकान चालवणार होता. मी दुकानदाराचा मुलगा, त्यामुळे ते माझंच, असं मी धरून चाललो होतो. पण शेजारी बसलेला वर्गातला धनगराचा मुलगा आपल्याच मळक्या घोंगडीचं टोक धुऊन दाखवत होता, बायकांशी कधी कानडीत, कधी उर्दूत हसून बोलत होता. त्याच्यापुढची गर्दी मला बघवेना. एका बाईला मी हळूच म्हटलं, "अक्का, त्याचा घेऊ नका, हात सोलतात." त्यानं ते ऐकलं. "कामून खोटं बोलायलास?" एवढंच तो म्हणाला. स्वतःचा साबण संपल्यावर त्यानं माझी टोपली ओढली आणि "ह्यो बी चांगलाच हाय" म्हणत माझाही विकून दिला. दुकान त्यालाच मिळालं. मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. पुढं कॉलेजात व्यापार शिकवताना ही हकिकत मी दरवर्षी सांगत आलो, आणि दरवर्षी त्याच्या जागी स्वतःला घालत आलो.