बाबेटच्या नावाचा गज

खोटं कशाला बोलू? बाबेटबद्दल माझं पहिलं मत इतकं चुकलं होतं की आठवलं तरी आजही मला हसू फुटतं. हिर्शग्राबेन गावच्या नेमबाजघरात, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, मी पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा ती दिसायच्या आधी तिचं नाव दिसलं. बिअरच्या काउंटरवरच्या भिंतीला सात गज आडवे ठोकलेले होते. ठासणीच्या बंदुकीत दारूवर गोळी ठासायला असतो ना, तो गज. ठासून झालं की तो काढून बाजूला ठेवायचा. काढायला विसरलात आणि चाप ओढलात की गोळीच्या पुढे गजच सुटतो आणि समोरच्या मातीच्या बांधात जाऊन रुततो. मग तो उकरून आणायचा, खाली नावाची पट्टी लावायची आणि गाढवपणाची आठवण म्हणून भिंतीला ठोकायचा, ही तिथली रीत. सहा गजांखाली बाप्यांची नावं होती. सातव्याखाली होतं, 'बाबेट, १९९१'. मी मनात म्हटलं, झालं! असतेच प्रत्येक गावात एक वेंधळी. चष्मा फ्रिजमध्ये ठेवत असेल नि लोणी कपाटात.

पाऊण तासाने खरी बाबेट बघितली, तेव्हा वाटलं ही दातांची डॉक्टरीण असावी. कोपऱ्यातल्या टेबलाला लोखंडी शिकंजा बसवलेला, त्यात बंदूक आवळलेली, आणि शेजारी गावचा खाटीक हार्टविग, हा तीन मण वजनाचा गडी, दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून उभा.

"काय विसरलास?" बाबेटने विचारलं.

"दारू," हार्टविग पुटपुटला.

"मोठ्याने बोल की. सॉसेजचा भाव ओरडतोस तेव्हा पलीकडच्या गावात ऐकू येतो."

"दारू घातलीच नाही, नुसती गोळी ठासली! झालं समाधान?"

"यंदा कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा. वेंडेलिन बोलत बसला माझ्याशी."

"म्हणजे पोळी न वाढताच ताट घासायला घेतलंस. बरं, नक्की घातली नाहीस?"

"देवाशप्पथ."

बाबेटने मान डोलावली आणि तरीही नळीत आधी पाणी ओतलं. माणसाच्या आठवणीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पाण्यावर होता. दारू असलीच आत, तर भिजून निजेल. मग टोकाला स्क्रू असलेली सळई आत घालून तिने ती शिशात पिळली, पाय टेबलाला लावला आणि हिसका दिला. गोळी बाहेर. ती हार्टविगच्या तळहातावर ठेवून म्हणाली, "घे. उशीखाली ठेव, दातांची परी येईल रात्री."

आजवर चौतीस वर्षं ती हे करत आलीय. आधी पेन्सिलीच्या कारखान्यात शिसं तपासायची, रोज हजारांनी. वाकडं शिसं तिच्या नुसत्या बोटांना कळायचं. तोच हात इकडे कामाला आला. दारूच्या मापलेल्या नळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या लावायच्या आणि रिकामी झाली की उलटी ठेवायची, ही सवय क्लबात तिनेच घातली. गड्यांनी तीही विसरून दाखवली. कुणी दारू पेटवणारी टोपी न बसवताच घोडा पाडायचा नि बार का होत नाही म्हणून आकाशाकडे बघायचा. कुणी दोनदा दारू भरायचा नि खांदा चोळत घरी जायचा. बाबेट सगळ्यांच्या नळ्या मोकळ्या करायची, चिमटे काढायची आणि बाहेर कुणाचं नाव काढायची नाही. चौतीस वर्षांत स्वतः एकदाही काही विसरली नाही. मग भिंतीवर तिचं नाव कसं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

एक्याण्णवच्या जूनमध्ये जिल्ह्याचे सामने होते. बाबेट तेव्हा क्लबातली पहिली आणि एकटी बाई. शरदातल्या संघात तिची जागा जवळजवळ ठरलेली होती. शेजारच्या पट्ट्यावर तिचा नवरा आल्विन उभा होता. येत्या रविवारी तो मैदानप्रमुख होणार होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर लक्ष ठेवणारा माणूस. दोघांचे बार एकदमच सुटले. काळ्या दारूचा धूर म्हणजे काय विचारता, सकाळच्या धुक्यात कुणी लोकरीचं पोतं झटकावं तसा. त्या धुरातून काहीतरी भिरभिरत बांधात गेलं. आल्विनने आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं.

"बाबेट," तो कुजबुजला, "तुझा म्हण. तुला काय, दोन दिवस हसतील नि विसरतील. माझं रविवारचं सगळं जाईल."

धूर विरायला पाच-सहा श्वास लागतात. तेवढ्यात बाबेटने आपला गज नवऱ्याच्या हातात दिला. धूर निवळला तेव्हा आल्विनच्या हातात गज होता आणि तिचे हात मोकळे.

हसले सगळे. विसरलं मात्र कुणी नाही. "बायकांना मैदानावर घेतलं की हे असं," असं म्हणत संघातली तिची जागा हार्टविगला दिली. हो, याच हार्टविगला! तिच्यानंतर नऊ वर्षं एकाही बाईचा अर्ज मंजूर झाला नाही. विचारलं की बोट भिंतीकडे जायचं.

आणि सगळ्यात रंगवून ती गोष्ट कोण सांगायचं? आल्विन. डिसेंबरच्या चार तारखेला, संत बार्बराच्या दिवशी, क्लबात वर्षभराच्या फजित्या वाचून दाखवतात. बार्बरा ही तोफा-बंदुकीवाल्यांची संत, आणि आमच्या बाबेटचं पाळण्यातलं नावही बार्बराच. म्हणजे तिचा नामदिवस आणि तिचीच फजिती, दरवर्षी. पहिल्या वर्षी आल्विनने गोष्ट खाली मान घालून, दोन वाक्यांत उरकली. पाचव्या वर्षी त्यात पाऊस आला. तिचे हात ओले होते म्हणे, बिचारी गडबडली म्हणे. दहाव्या वर्षी गज एका कावळ्याला चाटून गेला. लोक पोट धरून हसायचे. बाबेट चेरीच्या फांद्या पाण्यात लावत बसायची. बार्बराच्या दिवशी तोडलेल्या फांद्या नाताळात फुलतात, तेवढंच तिचं.

गेल्या वर्षी अध्यक्ष वेंडेलिनने ठरवलं, नेमबाजघर रंगवायचं आणि लाकडी पट्ट्या काढून पितळी लावायच्या, अक्षरं खोल कोरलेल्या. लाकडी पट्टीचं काय, वीस-तीस वर्षांत अक्षर पुसट होतं. पितळ माणसाच्या मागे राहतं. पट्ट्या लावायच्या त्याच बार्बराच्या दिवशी आल्विनला सोन्याची पिन द्यायची होती, तीस वर्षं मैदान सांभाळल्याबद्दल.

बाबेटने नाश्त्याला विषय काढला. "माझ्या नावाची पट्टी नको कोरू देऊ, आल्विन. वेंडेलिनला खरं काय ते सांगून टाक आता."

"खरं कसलं?" आल्विन पावाला प्लमचा मुरंबा लावत होता.

"गज तुझा होता ते."

सुरी थांबली. आल्विनने मान वर केली. डोळे कसे, धुतलेल्या काचेसारखे. "अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तूच उडवलास. मी शेजारीच तर होतो!"

बाबेटला राग यायला हवा होता. पण ती घाबरली. हा खरंच विसरला की काय? शहात्तरीचा माणूस. परवा गाडीची किल्ली बटाट्यांच्या टोपलीत सापडली होती. तीस वेळा एकच खोटं सांगितलं तर जीभ मनाला शिकवत असेल कदाचित. ती बशा आवरायला लागली. आवरता आवरता तिने मनाशी ठरवलं की विसरला असेल तर माफ. जन्मभर विसरलेल्यांच्याच तर नळ्या मोकळ्या केल्या, आणखी एक. फक्त त्याला आठवण करून द्यायची, पितळ भिंतीला लागायच्या आत.

बार्बराच्या दिवशी दुपारी तीनला आल्विनच्या हुकमावर मैदानावर सलामीचा बार झाला. मग सगळे आत येऊन बसले. सॉसेज, आंबट कोबी, बिअर. आल्विनच्या कोटाला पिन लागली. त्याने मिशीवरचा फेस पुसला आणि लोकांनी मागितली म्हणून गोष्ट सुरू केली. "तर मंडळी, एक्याण्णवचा जून. पाऊस असा, की..."

बाबेट उठली. स्टूल ओढलं, वर चढली आणि सातवा गज खाली काढला. लाकूड उभं तडकलेलं, पण टोकाची पितळी बोंडी शाबूत. सलामी देऊन साफ करून ठेवलेली आपली बंदूक तिने टेबलावर घेतली.

"काय गं, आज पुन्हा उडवतेस की काय?" हार्टविग ओरडला. हशा पिकला.

"बघ तू नुसतं." तिने बोंडी नळीच्या तोंडावर ठेवली नि दाबली. जाईना. फिरवून दाबली, तरी जाईना. वाटाण्याच्या शेंगेत अक्रोड घालावा तसं ते दिसत होतं. "तीच बंदूक आहे ही माझी, एक्याण्णवचीच. जो गज नळीत शिरत नाही तो मी उडवला कसा, सांगा की कुणीतरी."

हसणं हळूहळू विझलं. वेंडेलिनने घसा साफ केला. "बाबेट, आज सण आहे. कोर्ट नको भरवूस."

बाबेट आल्विनकडे बघत होती. आठवतंय का बघ, असं तिला म्हणायचं होतं. अजून वेळ होता. त्याने नुसतं डोक्याला हात लावला असता तरी चाललं असतं.

"पितळ फुगतं," आल्विन म्हणाला. "तीस वर्षांत माणूस फुगतो, पितळ नाही फुगणार?" आणि त्याने हार्टविगच्या पोटावर थाप मारली.

सगळे सुटल्यासारखे हसले. हार्टविग सगळ्यांत जोरात.

"फुगलं असेल तर तुझ्या रुंद नळीतही जाणार नाही," बाबेट म्हणाली. "आण तुझी बंदूक."

"ती... घरी विसरलो."

नेमबाजघर दणाणलं. मैदानप्रमुख बार्बराच्या दिवशी बंदूकच विसरला! "पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं नाव!" वेंडेलिन टेबलावर मूठ आपटत होता. त्या हशात तो गज टेबलावर तसाच पडून राहिला. मग वेंडेलिन तिच्याजवळ वाकला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "पट्टी कोरून झालीय गं. आणि खरं सांगू? तुझ्या गजाशिवाय त्या भिंतीत मजा नाही." त्याने गज पुन्हा वर चढवला. हार्टविग पट्टी बसवायला पुढे आला, तर चुकीचा पेचकस घेऊन आलेला. दोनदा स्क्रू निसटला. शेवटी बाबेटनेच आपल्या पेटीतला बरोबर मापाचा काढून त्याला दिला. वाकडा स्क्रू तिला बघवत नाही.

साडेचारला दोघं घरी निघाली. उजेड सरायला लागलेला, रस्त्याकडेला गोठलेला चिखल. तिच्या काखेत चेरीच्या फांद्या, त्याच्या कोटाला पिन. बाबेट विचार करत होती. बंदूक विसरला, खरंच विसरला असेल. किल्ली विसरतो तसाच. विसरलाच असेल. ती त्या एका शब्दाला धरून चालत होती.

"चारचौघांत मला खाली बघायला लावलंस," आल्विन धुसफुसला.

"मी लावलं?"

"मग काय! मी सांगत होतो त्यात मध्येच उठलीस. पावसाचं तर आत्ता कुठे सांगायला लागलो होतो."

"पाऊस नव्हता त्या दिवशी."

"होता."

"कडकडीत ऊन होतं, आल्विन."

"धो धो पाऊस होता! सगळ्या क्लबाला माहितीये."

"क्लबाला तू सांगितलंस म्हणून माहितीये. पाऊस होता तर माझी गवती हॅट कशाला मागून घेतलीस?"

"हॅट घेतली कारण ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येत होतं, त्या तिरिपेत नळीतला गज दिसतो कुणाला..."

तो थांबला. पायही थांबले. पुढच्या वळणावर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता, तो भुंकून गप्प झाला.

बाबेटने त्याच्याकडे बघितलं नाही. काखेतल्या फांद्या नीट केल्या, एक मोडली होती ती वेगळी काढून रस्त्याकडेला टाकली. आल्विन पिनेशी चाळा करत होता.

"म्हणजे पाऊस नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता," आल्विन म्हणाला.

"मी म्हटलं होतं," बाबेट म्हणाली आणि पुढे चालायला लागली.