खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

माझे धाकटे दीर ललित पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटर सांभाळतात. सांभाळतात म्हणजे, त्याच्याजवळ कोणाला फिरकू देत नाहीत. तिथे खोल्यांचं तापमान राखणारा एक प्रोग्राम पडद्यामागे दिवसरात्र चालतो. तो दिसत नाही. त्याला हुकूम द्यायचा तर एका ठरलेल्या खिडकीतूनच द्यावा लागतो. तिला भाऊजी सॉकेट म्हणतात. मूळ कॉम्प्युटर लिनक्सचा, मालकांचा विंडोजचा, त्यांच्या मुलीचा, म्हणजे स्वरदाचा, मॅक. तिन्हींवरून हुकूम पोचावा म्हणून भाऊजी कितीतरी दिवस खपले. तिघांचे रीतिरिवाज कसे वेगळे, हे आम्ही रोज आमटीभाताबरोबर ऐकलं. शेवटी जमलं. त्यानंतर वर्षभर तो कॉम्प्युटर एकदाही बंद झाला नाही, आणि स्थळं पाहायला गेल्यावर भाऊजी पगाराआधी हेच सांगायचे.

मग खंडेनवमी आली. पूजेला मीही गेले होते. मालकांच्या आई, कुसुमकाकू, वजनकाट्याला हळदकुंकू वाहत कॉम्प्युटरपाशी आल्या आणि म्हणाल्या, आज हत्यारं चालू ठेवत नाहीत. भाऊजींनी त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. कुंकवाचं बोट मात्र तसंच वर धरून ठेवलं. कॉम्प्युटर बंद झाला.

आरतीनंतर चालू केला. प्रोग्राम आपोआप उठला आणि सुरुवातीला ठरवून दिल्याप्रमाणे द्राक्षांच्या थंडीकडे, शून्याकडे निघाला. खोलीत मात्र सटाण्याच्या सावळीरामांनी दिवाळीसाठी ठेवलेली डाळिंबं होती, आणि एवढ्या गारठ्यात त्यांची साल डागाळते. भाऊजींनी तापमान वाढवायचा हुकूम दिला. उत्तर नाही. मालकांच्या लॅपटॉपवरून दिला, स्वरदाच्या मॅकवरून दिला. प्रोग्राम चालू, पण ठार बहिरा. पुन्हा बंद-चालू केलं, तरी तेच. भाऊजी विंडोजला दोष देऊ लागले, मग मॅकला. पूजेला आलेल्या सावळीरामांनी एक क्रेट उचलून खोलीच्या उघड्या दाराला अडकवला.

"दार तर हाय ना," ते म्हणाले, "तुमचं चालू द्या."

मी विचारलं, "भाऊजी, ती खिडकी ठेवलीय कुठे?"

त्यांनी स्क्रीनवर एक फोल्डर उघडून पाहिला. मग मालकांकडे न बघता म्हणाले, "तात्पुरत्या फोल्डरात, वहिनी. कॉम्प्युटर बंद झाला की तो फोल्डर साफ होतो. खिडकीसाठी तिथली जागा मी एकदाच हाताने केली होती."

वर्षभर बंदच झाला नव्हता, त्यामुळे कळायला वाव नव्हता. जागा पुन्हा केली, प्रोग्राम नव्याने उठवला, हुकूम पोचला. डाळिंबं वाचली, क्रेट निघाला. नंतर भाऊजींनी अशी सोय केली की कॉम्प्युटर सुरू होतानाच ती जागा आपोआप तयार व्हावी.

आता खात्री करायला ते दर अमावास्येला कॉम्प्युटर मुद्दाम बंद करून चालू करतात. मालकांपुढे चाचणी म्हणायची सोय नाही, कारण वर्षभर काय केलंस, असं ते विचारतील. म्हणून पूजा म्हणतात. कुसुमकाकू खूश आहेत. पोरगा धार्मिक निघाला, असं सांगून त्यांनीच परवा एक स्थळ आणलंय.