करुणाचं पान

सौसरचा गौतम सोमकुवर दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. नाही म्हणणं त्याला जमतच नाही. समाजाची वधू-वर परिचयाची वेबसाइट त्यानेच बनवली, तीही नुसत्या चहावर.

मी समाजाच्या समितीचा सचिव, म्हणून तेव्हा त्याने मला विचारलं होतं, "काका, रामाकोन्याकडच्या गावांत नेट लय हळू चालते. एकदा उघडलेलं पान फोनातच जपून ठेवतो. किती दिवस ठेवू?"

मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आपली छापील पुस्तिका वर्षातून एकदाच निघत होती. ठेव वर्षभर."

मोहगावची करुणा चौतीस वर्षांची, शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तिचं साक्षगंध झालं आणि गौतमने तिच्या पानावर 'जमलं' लिहिलं. पुढच्याच महिन्यात मुलाकडच्यांनी मोडलं. बदनामी नको म्हणून घरच्यांनी वाच्यता केली नाही. गौतमने तो शब्द तेवढा गुपचूप काढला. त्याच्या कॉम्प्युटरवर पान बरोबर दिसत होतं. त्यानंतर आठ महिने तिच्यासाठी एकही विचारणा आली नाही. वय झालं, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो, खोटं कशाला बोलू!

मग एक दिवस तिची आई देवकाबाई फोन घेऊन दुकानात आली. "भाऊ, माह्या फोनात तं अजून 'जमलं'च दिसून राहिलं."

दोन दिवस गौतम डोकं खाजवत बसला. नव्या फोनवर नवं पान, जुन्या फोनवर जुनंच. ज्यांनी एकदा 'जमलं' पाहिलं, त्यांचा फोन वर्षभर नवं पान मागवणारच नव्हता. आणि जमलेल्या मुलीबद्दल आमच्यात कुणी विचारत नाही, वाईट दिसतं. मग चूक सांगणार कोण?

त्याने वर्षाचा नियम काढला, पण फोनांत शिरलेली पानं तिथेच राहिली. ती पुसा म्हणून ग्रुपवर लिहिलं, तर लोकांना ती फसवणूक वाटली. शेवटी तो मोटारसायकलवर घरोघर फिरू लागला. मी मागे बसायचो. त्याला एकट्याला पाठवायला मला तोंड नव्हतं.

तिगावात मालतीबाईंच्या फोनवरचं जुनं पान पुसलं, नवं आलं. त्या फोटोकडे बघतच राहिल्या.

"हे पोरगी मोकळी होती? आमच्या संदीपले हेच पसंत होती, हो. 'जमलं' दिसलं, मंग कायले विचारावं?"

तेवढ्यात त्यांची नवी सून पाणी घेऊन आली. आम्ही कसंबसं प्यालो आणि उठलो.

करुणाला मीच सांगितलं. चूक माझी होती, तेही सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, माहं नाव काढाले सांगा त्याले," एवढंच म्हणाली. "थकली मी आता."

गौतमने तिचं पान काढून टाकलं. आम्ही पोचलो नाही त्या घरांतल्या फोनांत मात्र ती अजून साडी नेसून हसते आहे, आणि तिचं जमलेलं आहे.