पितृपक्षाचा फरक

नवऱ्याने नव्या कंपनीत जायला नोकरी सोडली आणि जुन्या कंपनीने रुजू होताना दिलेला बोनस परत मागितला. रक्कम किती, ते सांगत नाही. इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत तेवढ्या पैशांत एक मीडिया रूम होते आणि आमची ती झाली होती: मागे रेलणाऱ्या सहा खुर्च्या आणि भिंतभर पडदा. त्यावर मुख्यतः ऑफिसच्या मीटिंगा बघितल्या गेल्या.

बोनस परत करण्याइतके पैसे घरात एकाच ठिकाणी उरले होते, माझ्या एम.ए.च्या फीसाठी ठेवलेल्या खात्यात. पुण्यात मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, शिकता येतं. चार वर्षं मी मराठी मंडळाच्या अंकाचं मुद्रितशोधन फुकट करून काढली, मग अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. जानेवारीत वर्ग सुरू होणार होते. फी त्याआधी भरायची होती.

बोनसची अट साधी होती. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत. नवऱ्याने वर्ष मोजलं, त्यावर एक आठवडा सोडला आणि मग राजीनाम्यात कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख दिली. त्याने मोजलं ते ऑफर लेटरवरच्या तारखेपासून. त्या तारखेला तो रुजू झालाच नव्हता.

कारण ती तारीख पितृपक्षात येत होती. नागपूरहून सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं की पंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नाही. नवरा क्लाउडवर काम करतो, घरात लिंबू-मिरची लावू देत नाही, पण आईशी वाद घालत नाही. त्याने धार्मिक कारणासाठी तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली. एचआरने आदरपूर्वक ती मान्य केली, हात जोडलेल्या इमोजीसकट. तो घटस्थापनेला रुजू झाला. वर्षभराने हिशेब करताना घटस्थापना विसरला. वर्ष कोणत्या तारखेपासून मोजलं, हे मी सोडून कुणी विचारलंही नाही, आणि मी विचारलं तेव्हा राजीनामा जाऊन पडला होता.

वर्ष भरायला एक आठवडा कमी पडला होता. त्याने तेवढा आठवडा काम करण्याची तयारी दाखवली. मॅनेजरने कळवलं की त्याची जागा भरली आहे. त्याने पितृपक्षाचा मुद्दा मांडला. एचआरने कळवलं की कंपनी सर्व कर्मचाऱ्यांच्या पूर्वजांचा सन्मान करते, पण रुजू होण्याची तारीख तीच राहील.

मग दुसरी गोष्ट कळली. बोनस हातात आला तेव्हा त्यातला बराच भाग करापोटी कापला गेला होता. कंपनीला न कापलेली रक्कम हवी होती. म्हणजे जे पैसे आम्हाला कधी मिळालेच नाहीत, तेही आम्ही परत करायचे. दरम्यान कराचं वर्ष बदललं होतं. कापलेला कर पुढच्या वर्षी रिटर्न भरताना सरकारकडे मागा, असं एचआरने सुचवलं आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या.

नवऱ्याने नागपूरला आईला फोन केला.

"म्या रुजू कधी व्हायचं ते सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सोडायचं कोणाला विचारून ठरवलं?"

"आई, सोडताना पितृपक्ष संपलेला होता."

"मग पितरांचा काय संबंध? त्यांना काहून मधात आणतोस?"

रविवारी मराठी शाळेत मुलं बाराखडी गिरवतात आणि पालक पार्किंग लॉटमध्ये उभे राहून एकमेकांना सल्ले देतात. नवऱ्याने तिथे विषय काढला. काढायला नको होता.

"भरू नकोस यार," मुंबईचे एक गृहस्थ म्हणाले. "एवढ्यासाठी कोण कोर्टात जातंय?"

"इग्नोर कर. तीन मेल येतात, मग थकतात," दुसरे म्हणाले.

"तू तर पहिल्या मेललाच भरलेस," त्यांची बायको गाडीतून म्हणाली.

"अगं, माझं ग्रीन कार्ड अडकलं होतं! ती केस वेगळी."

"माझीपण वेगळी होती," मुंबईकर हळूच म्हणाले.

चौकशी केल्यावर कळलं की त्या लॉटमधल्या सल्लागारांपैकी ज्याच्यावर वेळ आली, त्याने निमूट भरले होते. न भरण्याचा सल्ला प्रत्येकाने दुसऱ्यासाठी राखून ठेवला होता.

घरी येताना नवरा गाडीत म्हणाला, "तुझं सेमिस्टर एक पुढे ढकललं तर? युनिव्हर्सिटी कुठे पळून जातेय?"

"माझी फी तुझा बोनस नाही," मी म्हटलं. "तुझ्या नव्या कंपनीकडे माग."

"मागितलं तर काय वाटेल त्यांना?"

"आईला काय वाटेल म्हणून दोन आठवडे थांबलास. बायकोला काय वाटेल म्हणून एक मेल पाठव."

त्याने मेल पाठवला. नवी कंपनी तेवढाच बोनस द्यायला तयार झाली, सहज, कारण तिने स्वतःची अट घातली: दोन वर्षांच्या आत सोडल्यास पूर्ण रक्कम परत. त्यातूनही कर कापला जाणार होता. मी अट मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, दोन वर्षं कोणत्या तारखेपासून? त्याने एचआरला लेखी विचारलं. उत्तर आलं, प्रत्यक्ष रुजू झाल्यापासून. तेव्हा त्याने सही केली. सासूबाईंना रुजू होण्याची तारीख कळवली नाही.

जुन्या कंपनीला पैसे गेले. करापोटी जी तूट आली ती भरायला चार खुर्च्या विकल्या, अर्ध्याहून कमी किमतीत. घेणारा तरुण नुकताच बोनस मिळवून रुजू झाला होता. नवऱ्याने त्याला काही सांगितलं नाही. मीही नाही.

फी मी त्याच दिवशी भरली. वर्ग सुरू झाले. पहिल्या आठवड्यात मी वाचायची यादी घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले होते. समोर नवरा म्हणाला की नवा मॅनेजर जुन्यापेक्षा वाईट आहे, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर टाकून बोलतो, असं फार दिवस चालायचं नाही. मग त्याने लॅपटॉपवर रेझ्युमे उघडला.

"माझा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे," मी म्हटलं.

त्याने रेझ्युमे बंद केला.